आयन थ्रस्टरच्या प्लूमचं सिम्युलेशन: कागदावरच्या हिशेबापासून चालत्या कोडपर्यंत

आयन थ्रस्टर, म्हणजे विजेने वेगवान केलेले आयन मागे फेकून यान ढकलणारं इंजिन, म्हटलं की निळसर उजेडाचा शंकू डोळ्यांसमोर येतो. हाच त्याचा प्लूम. सिम्युलेशन करायला बसलेला माणूस साहजिकच त्या शंकूपासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळ तिथेच घालवतो. पण शंकूतले आयन सेकंदाला चाळीस किलोमीटरने यानापासून दूर चाललेले असतात. ते सरळ जातात, आणि सरळ जाणाऱ्या कणांचं गणित कुणालाही जमतं. यानाला त्रास देतात ते त्या झोताच्या पोटात जन्मणारे संथ आयन. ते आडवे पसरतात, मागे वळतात, सौर पंखांवर आणि उपकरणांवर आदळतात. प्रवाहात त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का असतो. प्लूमचं मॉडेल त्या एका टक्क्याभोवती बांधायचं असतं. ते कसं, हे इथे पायरीपायरीने सांगतो.

उदाहरण म्हणून नासाचा एनस्टार थ्रस्टर घेऊ. २४ ऑक्टोबर १९९८ रोजी निघालेल्या डीप स्पेस १ यानावर तो होता. पुढे २००७ मध्ये निघालेल्या डॉन यानावर तसेच तीन होते. त्याची भूमिती साधी आहे, आकडे जाहीर आहेत, आणि डीप स्पेस १ वर प्लूमचा परिणाम मोजणारी उपकरणंही बसवलेली होती. म्हणजे आपलं उत्तर ताडून बघायला काहीतरी हाताशी आहे.

वाचकाला विद्युतगतिकीची पदवीपातळीची ओळख आणि पायथन किंवा सी प्लस प्लस येतं असं धरलं आहे. पायथन वापरणार असाल तर नमपायसोबत नंबा घ्या. कणांचा लूप साध्या पायथनमध्ये लिहिलात तर उत्तर येईपर्यंत सेमिस्टर संपेल.

आधी प्रश्न ठरवा

‘प्लूम सिम्युलेट करायचा आहे’ हा प्रश्न नव्हे. सौर पंखाच्या कडेवर किती आयन, किती ऊर्जेने पडतील? तारामापकाच्या (ताऱ्यांवरून यानाची दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याच्या) भिंगावर धातूचा थर बसेल का? यानाचं विभव किती व्होल्टने ढळेल? प्रत्येकासाठी मॉडेल वेगळं. केवळ थ्रस्टची दिशा आणि झोताची रुंदी हवी असेल तर कणांच्या सिम्युलेशनची गरजच नाही, मोजलेल्या कोनीय वाटपावर एक सूत्र बसवलं की पुरतं. मागे येणारे आयन हवे असतील तर मात्र पुढचं सगळं लागेल. आपला प्रश्न असा धरू: थ्रस्टरच्या तोंडापासून अर्धा मीटर मागे, अक्षापासून पाऊण मीटरवर, संथ आयनांची घनता आणि ऊर्जा किती?

कागदावरचा हिशेब

ही पायरी टाळणारे बरेच असतात. पण कोडची एकही ओळ लिहिण्याआधी केलेला हा तासाभराचा हिशेब पुढे आठवडे वाचवतो, म्हणून यावर जरा रेंगाळू.

एनस्टारचे पूर्ण शक्तीचे आकडे: झोताचा व्होल्टेज ११०० व्होल्ट, झोताचा प्रवाह १.७६ अँपियर, तोंडाचा प्रभावी व्यास सुमारे २८.५ सेंटिमीटर, थ्रस्ट ९२ मिलिन्यूटन, शक्ती २.३ किलोवॅट. इंधन झेनॉन, एका अणूचं वस्तुमान २.१८ × १०^-२५ किलो. (१०^१५ म्हणजे एकावर १५ शून्यं, उणे चिन्ह असेल तर तितक्या दशांश स्थळांनी खाली.)

पहिला आकडा वेगाचा. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून ११०० व्होल्टमधून आलेल्या झेनॉन आयनाचा वेग सेकंदाला ४०.२ किलोमीटर निघतो. हा वेग आणि आयनांचा वस्तुमान-प्रवाह (सेकंदाला २.४ मिलिग्रॅम) यांचा गुणाकार ९६ मिलिन्यूटनच्या थोडा वर येतो. खरा थ्रस्ट ९२. फरक साधारण ५ टक्क्यांचा, आणि त्याची कारणं माहीत आहेत: झोत थोडा फाकतो, आणि काही आयनांवर दुहेरी प्रभार असतो. म्हणजे पाया पक्का.

दुसरा आकडा आयनांच्या घनतेचा. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०६४ चौरस मीटर. प्रवाह भागिले प्रभार, क्षेत्रफळ आणि वेग केलं की सरासरी घनमीटरला सुमारे ४ × १०^१५ आयन मिळतात.

तिसरा आकडा उदासीन अणूंचा. थ्रस्टरमधल्या गॅसपैकी १० टक्के आयनित न होता तसाच बाहेर पडतो असं धरा: सेकंदाला ०.२७ मिलिग्रॅम. ५०० केल्विनला या अणूंचा सरासरी वेग सेकंदाला २८४ मीटर. भांड्यातून झिरपणाऱ्या गॅसचं नेहमीचं सूत्र लावलं की तोंडापाशी घनता १.४ × १०^१७ येते. वस्तुमान-प्रवाहात आयनांच्या नवव्या हिश्श्याइतके असलेले हे अणू घनतेत आयनांच्या तीसपट भरले! कारण वेग. घाटात तासाला मोजकेच ट्रक चढतात, पण रस्ता त्यांनीच भरलेला दिसतो, तसंच हे.

चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. वेगवान आयन या संथ अणूजवळून जाताना त्याचा एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. वेगवान आयन वेगवान अणू होऊन निघून जातो, मागे उरतो संथ आयन. हेच चार्ज-एक्सचेंज. त्याचा काटछेद (टकरीची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणारा आकडा) या ऊर्जेला ४६ चौरस अँगस्ट्रॉम, म्हणजे ४.६ × १०^-१९ चौरस मीटर. आता तोंडाच्या अक्षावर उदासीन घनता अंतरानुसार कशी घटते याचं सूत्र आहे: तोंडापाशीची घनता गुणिले, एक वजा अंतराचं अंतर-त्रिज्येच्या कर्णाशी गुणोत्तर. याचं शून्यापासून अनंतापर्यंत संकलन केलं की उत्तर येतं नेमकं त्रिज्येइतकं. सुरेख गोष्ट आहे ही: जणू सगळा गॅस तोंडापुढे एका त्रिज्येच्या लांबीत एकसारखा भरलेला आहे. मग झोताचा बदलणारा वाटा म्हणजे घनता गुणिले काटछेद गुणिले ०.१४ मीटर: सुमारे ०.९ टक्का. प्रवाहात १६ मिलिअँपियर. कडेला गॅस थोडा विरळ असल्यामुळे खरा आकडा किंचित खाली येईल. हा १६ मिलिअँपियरचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. कोडने ५ किंवा ६० सांगितलं तर चूक कोडची आहे.

पूर्ण पीआयसी की संकरित मॉडेल?

पीआयसी, म्हणजे ‘पार्टिकल इन सेल’, या पद्धतीत लाखो प्रातिनिधिक कण जाळ्यातून हलवतात, त्यांच्यावरून प्रभाराची घनता काढतात, घनतेवरून विद्युतक्षेत्र, आणि क्षेत्रावरून पुन्हा कणांची हालचाल. इलेक्ट्रॉनही कण म्हणून घेतले तर सेलचा आकार डेबाय लांबीच्या (प्लाझ्मात एखाद्या प्रभाराचा परिणाम जितक्या अंतरात झाकला जातो त्या अंतराच्या) आसपास ठेवावा लागतो. आपल्या झोतात २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमानाला ती ०.१७ मिलिमीटर आहे. एक घनमीटर जागेला २ × १०^११ सेल लागतील. शिवाय टाइमस्टेप इलेक्ट्रॉनच्या चालीने ठरवावा लागेल. हा मार्ग सोडून द्या.

चालणारा मार्ग संकरित: आयन कण म्हणून, इलेक्ट्रॉन द्रव म्हणून. इलेक्ट्रॉन इतके चपळ असतात की आयन एक पाऊल टाकेपर्यंत ते समतोलाला पोचलेले असतात, म्हणून त्यांची हालचाल न सोडवता त्यांचा समतोलच गृहीत धरायचा. प्लूमची बहुतेक अभियांत्रिकी कोडं याच तत्त्वावर आहेत.

जाळं आणि सीमा

एकच थ्रस्टर, सममित यान असं धरून अक्ष-सममित द्विमितीय जाळं घ्या: एक अक्ष झोताच्या दिशेने, दुसरा त्रिज्येच्या. पुढे १ मीटर, मागे अर्धा मीटर, त्रिज्येत १ मीटर. सेल ५ मिलिमीटरचे घेतले तर ३०० × २०० म्हणजे ६० हजार. लॅपटॉपला काहीच नाही.

मागचा अर्धा मीटर विसरू नका. कित्येक जाळी थ्रस्टरच्या तोंडापासूनच सुरू होतात, आणि मग मागे जाणारे आयन मोजायचे कुठे हा प्रश्न शेवटी पडतो. थ्रस्टरचा देह आणि यानाची भिंत घन पृष्ठभाग म्हणून बसवा. त्यावर विभव ठरावीक, आणि आदळलेला आयन तिथेच संपतो (त्याचा वेग, कोन, वजन नोंदवून ठेवायचं). बाहेरच्या मोकळ्या सीमेवर विद्युतक्षेत्राचा लंब घटक शून्य, कण बाहेर गेला की काढून टाकायचा. अक्षावर सममिती.

अक्ष-सममितीत दोन खाचखळगे आहेत. पहिला: कण त्रिमितीत हलवा आणि प्रत्येक पावलानंतर फिरवून पुन्हा अक्षाच्या प्रतलात आणा. थेट त्रिज्येच्या समीकरणात केंद्रोत्सारी पद घालून हलवलात तर अक्षाजवळ भागाकारात शून्य येऊन कण वेडे होतात. दुसरा: अक्षालगतच्या नोडचं (सेलच्या कोपऱ्यावरच्या बिंदूचं) आकारमान सरळ भूमितीने न काढता, कणांची घनता वाटायला जे भारांकन वापरता त्याच भारांकनाने काढा. नाहीतर अक्षावर घनतेचा खोटा सुळका किंवा खोटा खड्डा दिसतो आणि लोक त्यावर भौतिकशास्त्र रचायला लागतात.

झोत सोडणं

तोंडावर आयन एकसारखे सोडू नका. एनस्टारचा प्रवाह मध्यावर ठळकपणे जास्त, कडेला कमी. सुरुवातीला परवलयी रूप चालतं: मध्यावर सरासरीच्या दुप्पट, कडेला शून्य. ग्रिड (आयनांना प्रवेग देणाऱ्या, तोंडावरच्या छिद्रांच्या चकत्या) मॉलिब्डेनमचे आणि बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर असल्यामुळे आयनांची दिशाही त्रिज्येनुसार बाहेर कलत जाते. वर काही अंशांचा यादृच्छिक कोन मिसळा. हे दोन कोन तुम्हीच ठरवायचे नाहीत. थ्रस्टरचं मोजलेलं कोनीय वाटप असेल त्यावर ते बसवा, आणि तोपर्यंत थ्रस्ट ९२ च्या आसपास येतोय का एवढंच बघा.

दुहेरी प्रभाराचे आयन वेगळी जात म्हणून ठेवा. त्यांचा वेग दोनाच्या वर्गमूळाइतका जास्त असतो. संथ आयनांच्या हिशेबात त्यांचा वाटा छोटा आहे, पण पृष्ठभागाची झीज मोजायला गेलात की तो मोठा होतो.

वजनाचा हिशेब: झोतात सेकंदाला १.१ × १०^१९ आयन निघतात. एका प्रातिनिधिक कणाचं वजन ५.५ × १०^८ घेतलं आणि टाइमस्टेप १०^-७ सेकंद, तर दर पावलाला २००० कण सोडावे लागतात. मीटरभर पार करायला २५० पावलं, म्हणजे झोतात कायम पाच लाख कण. पुरेसे आहेत. एका पावलात आयन ४ मिलिमीटर जातो, सेल ५ चा आहे, तेव्हा उडीही मर्यादेत.

उदासीन अणू: आधी एकदाच

अणूंना मीटरभर जायला साडेतीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे आपल्या टाइमस्टेपने ३५ हजार पावलं. आयनांसोबत त्यांना हलवत बसणं म्हणजे वेळेची उधळपट्टी. झोतामुळे गॅसचा अगदी थोडा भाग खर्च होतो, तेव्हा उदासीन घनता एकदाच काढा आणि गोठवून ठेवा.

काढायची कशी? घनता इतकी कमी आहे की अणू एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. म्हणून प्रत्येक नोडवरून तोंडाची तबकडी किती घनकोनात दिसते ते मोजायचं. घनता त्या प्रमाणात. थ्रस्टरचा देह मध्ये आडवा येत असेल तर तेवढी तबकडी झाकली जाते. न्यूट्रलायझर कॅथोड (झोतात इलेक्ट्रॉन सोडून त्याचा धन प्रभार भरून काढणारा भाग) यातून निघणारा गॅस हा दुसरा छोटा स्रोत. तो अक्षावर नसून कडेला असतो, त्यामुळे अक्ष-सममित मॉडेलमध्ये नीट बसत नाही. पहिल्या फेरीत सोडा, पण सोडलाय हे अहवालात लिहा. यानाच्या ज्या बाजूला न्यूट्रलायझर आहे तिथे संथ आयन जास्त निघतात.

इलेक्ट्रॉन आणि विभव

इथे खरी कसोटी. सगळ्यात सोपं नातं बोल्ट्झमनचं: विभव म्हणजे संदर्भ-विभव अधिक इलेक्ट्रॉन तापमान गुणिले घनतेच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग. झोतात प्लाझ्मा जवळजवळ उदासीन असतो, म्हणून इलेक्ट्रॉनांची घनता आयनांच्या घनतेइतकीच धरायची आणि विभव थेट काढायचं. प्रभारावरून विभव देणारं प्वासाँ समीकरण सोडवायची गरजच नाही.

या नात्याचा परिणाम बघा. झोतात ४ × १०^१५, बाहेर पाऊण मीटरवर १०^१२. गुणोत्तर ४०००, लॉग ८.३, तापमान २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे विभवाची घसरण सुमारे १७ व्होल्ट. संथ आयन या उतारावरून घरंगळत बाहेर पडतात, आणि त्यांची दिशा घनतेच्या उताराची, म्हणजे आडवी. झोताची कड जितकी तीव्र तितका धक्का जोरकस.

पण तापमान सगळीकडे सारखंच राहतं का? पसरणारा प्लाझ्मा थंड होतो. बहुघाती नातं घेतलं (घनता घटते तसं तापमानही तिच्या एका घाताने घटतं), घातांक १.३, तर तीच घसरण ८ व्होल्ट निघते. निम्म्याहून कमी! सौर पंखावर पडणाऱ्या आयनाची ऊर्जा या एका निवडीवर दुपटीने बदलते, आणि तिच्याबरोबर झीजही बदलते. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही चालवा आणि निकाल पट्टा म्हणून द्या. एकच गुळगुळीत रेघ काढून देणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही.

तीन व्यावहारिक सूचना. एक, संदर्भबिंदू झोताच्या मध्यावर, तोंडाजवळ घ्या, जिथे घनता स्थिर आणि ज्ञात आहे. दोन, रिकाम्या सेलमध्ये लॉग अनंताकडे जातो म्हणून घनतेला तळ लावावा लागतो. पण तळ दहापट खाली नेला की विभव आणखी ४.६ व्होल्टने घसरतं, आणि ती घसरण निव्वळ तुमच्या निवडीची असते. तळ अपेक्षित घनतेच्या जेमतेम खाली ठेवा आणि तो बदलून उत्तर हलतं का ते बघा. तीन, क्षणिक घनता वापरू नका. शेवटच्या काहीशे पावलांची सरासरी वापरा, नाहीतर कणांची गोंगाटी घनता लॉगमधून जाऊन आयनांना फुकट तापवते.

बाहेरच्या विरळ भागात मात्र उदासीनतेचं गृहीतक ढिलं पडतं. १०^१२ घनतेला डेबाय लांबी सेंटिमीटरभर होते, आणि पृष्ठभागालगतचा आवरण-थर त्याच्या काही पट जाड. तुमच्या प्रश्नाला तो थर महत्त्वाचा असेल तर तिथे बोल्ट्झमन इलेक्ट्रॉनसह अरेषीय प्वासाँ समीकरण न्यूटनच्या पद्धतीने सोडवा. गंमत अशी की आपले ५ मिलिमीटरचे सेल झोतात डेबाय लांबीच्या तीसपट असले तरी या बाहेरच्या भागात तिला व्यवस्थित पकडतात. म्हणून मिश्र उपाय चांगला: घनतेनुसार सेल ठरवायचे, दाट भागात थेट सूत्र, विरळ भागात प्वासाँ.

टकरी: नाणेफेक नको, कारखाना लावा

पाठ्यपुस्तकी पद्धत माँटे कार्लोची: प्रत्येक पावलाला प्रत्येक आयनाची टक्कर होते का ते यादृच्छिक आकड्याने ठरवायचं. आपल्याकडे तोंडापाशीसुद्धा एका पावलात टकरीची शक्यता दहा हजारांत दोन-तीन. पाच लाख कणांची नाणेफेक करून शंभराच्या आत आयन हाती लागणार, तेही झोताच्या जड वजनाचे. मागच्या भागात मग एखाद-दुसरा कण पोचतो आणि घनतेचा नकाशा ठिपक्यांची रांगोळी होतो.

त्याऐवजी प्रत्येक सेलमध्ये निर्मितीचा दर थेट काढा: आयन घनता गुणिले उदासीन घनता गुणिले वेग गुणिले काटछेद. त्या दराने हलक्या वजनाचे संथ आयन सोडा. वजन २ × १०^८ घेतलं तर दर पावलाला सुमारे ५० कण. पूर्णांक नसलेला उरलेला भाग पुढच्या पावलाला ढकला, टाकून देऊ नका. जन्मवेग उदासीन अणूचा, ५०० केल्विनच्या मॅक्सवेल वाटपातून.

काटछेदासाठी दोन स्रोत प्रचलित आहेत. १९६२ चं रॅप आणि फ्रान्सिस यांचं सूत्र, आणि २००२ मधली मिलर व सहकाऱ्यांची मोजमापं. मिलर यांचं एकेरी झेनॉन आयनासाठीचं सूत्र सोपं आहे: ८७.३ वजा १३.६ गुणिले इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या ऊर्जेचा १० पायाचा लॉग, उत्तर चौरस अँगस्ट्रॉममध्ये. ११०० ला ४६ येतात. जुन्या सूत्राने ३३ च्या आसपास. मी मिलर वापरतो, कारण ती थेट झेनॉनवर केलेली मोजमापं आहेत. जुन्या शोधनिबंधाशी तुलना करताना मात्र त्यांनी कुठला काटछेद घेतला ते आधी बघा. निम्मे मतभेद तिथेच मिटतात.

लवचिक टकरी (ज्यांत इलेक्ट्रॉन बदलत नाही, फक्त कणांची दिशा आणि वेग बदलतात) एनस्टारसाठी दुसऱ्या फेरीत घ्या. आणि ग्रिडच्या अगदी जवळ जन्मलेल्या आयनांचं काय? उणे १८० व्होल्टवरचा प्रवेगक ग्रिड त्यांना परत खेचतो आणि त्यांच्या माऱ्याने स्वतः झिजतो. ग्रिडचं आयुष्य त्यावरच ठरतं, पण ते मिलिमीटरच्या मापाचं वेगळं सिम्युलेशन आहे. प्लूमच्या मॉडेलमध्ये ते कोंबू नका.

चक्र चालवा

एका पावलात क्रम असा:

१. झोताचे नवे कण तोंडावर सोडा, संथ आयन सेलमध्ये जन्माला घाला.
२. दोन्ही जातींची घनता नोडवर वाटा, चालू सरासरीत मिळवा.
३. विभव काढा, त्याच्या उतारावरून विद्युतक्षेत्र.
४. वेग बदला, मग स्थान. वेग अर्ध्या पावलाने मागे ठेवायला विसरू नका. नवा कण जन्मतानाही त्याचा वेग अर्धं पाऊल मागे न्या.
५. भिंतीवर आदळलेले नोंदवा, बाहेर गेलेले काढा.

चुंबकीय क्षेत्र या मापात जड झेनॉन आयनाला वळवत नाही, सोडून द्या.

झोत २५० पावलांत स्थिर होतो आणि नवखा माणूस तिथेच थांबतो. संथ आयन २ इलेक्ट्रॉन-व्होल्टला सेकंदाला १.७ किलोमीटर जातात; मीटरभराला सहा हजार पावलं. म्हणून पहिली वीसेक हजार पावलं फक्त मुरायला द्या, आणि नंतरच्या तितक्याच पावलांवर सरासरी घ्या. स्थिरता बघायची ती संथ आयनांच्या एकूण संख्येवर, आणि मागच्या भिंतीवर पडणाऱ्या प्रवाहावर. तुम्हाला दिसेल की प्रवाहात एक टक्का असलेले हे आयन संख्येत झोताच्या दहा-वीस टक्के भरतात. पुन्हा तोच घाटातला ट्रक.

उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा

टकरी आणि क्षेत्र बंद करून फक्त झोत चालवा: थ्रस्ट आणि कोनीय वाटप दिलेल्या इनपुटशी जुळलं पाहिजे. मग टकरी चालू करून जन्मलेला एकूण प्रवाह भिंतीवरच्या १६ मिलिअँपियरशी ताडा. जितका जन्मला तितका भिंती आणि सीमा मिळून बाहेर गेला पाहिजे. कोणत्याही संथ आयनाची ऊर्जा जन्मस्थळ आणि आदळण्याची जागा यांतल्या विभवाच्या फरकाहून फारशी जास्त असता कामा नये. १७ व्होल्टच्या उतारावरून ४० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आयन आला तर गोंगाट त्याला तापवतोय. शेवटी सेलचा आकार निम्मा आणि कणांची संख्या दुप्पट करून बघा. मागच्या भागातली घनता हलली नाही तरच तो आकडा बाहेर सांगा.

हे सगळं जुळलं म्हणजे कोड बरोबर आहे. मॉडेल बरोबर आहे का, हे मोजमापच सांगेल, आणि तिथे एक सापळा आहे. पृथ्वीवरची बहुतेक मोजमापं निर्वात टाकीत होतात. १०^-५ टॉर दाब म्हणजे उत्तम निर्वात वाटतं, पण खोलीच्या तापमानाला त्यात घनमीटरला ३.२ × १०^१७ अणू असतात. थ्रस्टरच्या तोंडापाशी स्वतःचे १.४ × १०^१७ होते! आणि टाकीतला गॅस एका त्रिज्येत संपत नाही, तो सगळीकडे आहे. त्या दाबाला मीटरभर अंतरात झोताचा १४ टक्के भाग चार्ज-एक्सचेंजने बदलतो; अवकाशात एक टक्का. तेव्हा टाकीतल्या मोजमापाशी तुलना करायची असेल तर पार्श्वभूमीची घनता मॉडेलमध्ये घाला, टाकीची भिंत सीमा म्हणून घाला, जुळवा, आणि मगच पार्श्वभूमी शून्य करून अवकाशाचं उत्तर काढा. दाबाचा आकडा कोणत्या गॅससाठी लिहिलाय तेही विचारा: आयनीकरण मापक नायट्रोजनसाठी लावलेला असतो, झेनॉनसाठी त्याचं वाचन सुमारे २.८७ ने भागावं लागतं.

पृथ्वीच्या खालच्या कक्षेत उलटी अडचण. तिथला आयनोस्फियरच १०^११ ते १०^१२ घनतेचा आहे, आणि यान त्यातून सेकंदाला साडेसात किलोमीटरने जातं, म्हणजे आपल्या संथ आयनांहून वेगाने. तिथे बाहेरचा प्लाझ्मा मोकळी सीमा म्हणून दुर्लक्षून चालत नाही. डीप स्पेस १ ला हा त्रास नव्हता. सौरवाऱ्याची घनता इतकी कमी की यानाभोवतीचा प्लाझ्मा जवळजवळ सगळा थ्रस्टरचाच.

हॉल थ्रस्टर असेल तर

इस्रोने ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ वर विद्युत प्रणोदन वापरलं, आणि मार्च २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटनच्या स्टेशनरी प्लाझ्मा थ्रस्टरची १००० तासांची चाचणी पूर्ण केली. स्टेशनरी प्लाझ्मा म्हणजे हॉल प्रकार: ग्रिड नसतात, चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉन अडवून आयनांना प्रवेग दिला जातो. इथे कुणी काम करायला घेतलं तर गाठ बहुधा त्याच्याशीच पडेल.

सांगाडा तोच, पण चार गोष्टी बदलतात. या प्रकारचा एसपीटी-१०० थ्रस्टर घ्या: ३०० व्होल्ट, ४.५ अँपियर, ८३ मिलिन्यूटन. तोंड तबकडी नसून कडं आहे, त्यामुळे तोंडापाशी घनता १०^१७ च्या घरात जाते आणि झोत पुढे अक्षावर एकत्र येतो. आयनांची ऊर्जा एक आकडा नसून पट्टा असतो, कारण आयनीकरण आणि प्रवेग एकाच नळीत चालतात. मोजलेलं ऊर्जा-वाटप इनपुट म्हणून घ्यावं लागतं. ४.५ अँपियर हा विसर्जनाचा (थ्रस्टरच्या आतल्या विद्युत डिस्चार्जचा) प्रवाह आहे, झोताचा नव्हे. तो तसाच भरणं ही या क्षेत्रातली फार सामान्य चूक. आणि इलेक्ट्रॉन तोंडापाशी कित्येक इलेक्ट्रॉन-व्होल्ट गरम, पुढे झपाट्याने थंड होतात, त्यामुळे समतापी बोल्ट्झमन इथे चालवूच नका, बहुघातीपासून सुरुवात करा. मोठ्या कोनांतले वेगवान आयन हवे असतील तर लवचिक टकरीही पहिल्या फेरीतच लागतील.

स्वतःचं कोड की तयार साधन

द्विमितीय कोड स्वतः लिहा. हजारभर ओळींत होतं, आणि तळ, संदर्भबिंदू, वजन यांचा उत्तरावर काय परिणाम होतो हे दुसऱ्याच्या कोडमध्ये कधी कळत नाही. खरं यान, खरे सौर पंख, कडेचा न्यूट्रलायझर आला की त्रिमिती लागते. तेव्हा तयार साधनाकडे वळा. यान आणि प्लाझ्मा यांच्या परस्परक्रियेसाठी युरोपात विकसित झालेलं स्पिस मुक्तस्रोत आहे, श्टुटगार्टचं पिकलास अधिक सामान्य हेतूचं आणि समांतर संगणकांवर चालणारं, तर स्टारफिश द्विमितीय आणि शिकायला हलकं. कुठलंही उचललंत तरी पहिली केस एनस्टारची, वरच्याच इनपुटने चालवा, आणि तुमच्या द्विमितीय कोडच्या आकड्यांशी संथ आयनांचा एकूण प्रवाह आणि मागच्या बिंदूवरची घनता ताडून घ्या. जुळली की मग जाळ्यात सौर पंख बसवा, आणि त्याच्या प्रत्येक भागाला त्याचं खरं विभव द्या. पंखाच्या ऋण टोकाला आयन आणखी तेवढ्या व्होल्टने जोरात आदळतात.